किशोरवयातील एचपीव्ही संसर्ग : एका प्रशासकाचे मनोगत

(रुग्णालयाच्या वतीने सुलतानपूर येथे झालेल्या पालक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



सर्वप्रथम एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. मी वैद्य नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन १९९४ साली मी या रुग्णालयात लेखापाल म्हणून रुजू झालो आणि विश्वस्तांच्या कृपेने पुढे प्रशासनाची जबाबदारी माझ्याकडे आली. तेव्हा आज मी जे वैद्यकीय सांगणार आहे ते आपल्या डॉक्टर मंडळींकडून समजून घेतलेले आहे व त्यांनी ते तपासून दिलेले आहे. जे माझे स्वतःचे आहे ते तसे सांगेन.

माझ्या टेबलावर रोगी येत नाही, त्याचे कागद येतात. केस पेपर, देयके आणि निर्धन रुग्ण निधीतून सवलत मिळावी म्हणून केलेले अर्ज. कागदालाही पुष्कळ काही सांगता येते. रक्तस्रावाची तक्रार घेऊन आलेल्या एखाद्या भगिनीचा केस पेपर पाहावा. त्रास कधीपासून, या प्रश्नापुढे लिहिलेले असते, ‘दिवाळीपासून’. परिचारिका खोदून विचारते तेव्हा कळते की ती दिवाळी मागची नव्हे, त्याच्याही आधीची. या दोन दिवाळ्यांच्या मध्ये त्या बाईने सोयाबीन काढलेले असते, तूर सोंगलेली असते, एखाद्या लेकीचे लग्नही उरकलेले असते. फक्त स्वतःचे दुखणे मात्र अंगावर काढलेले असते.

माझ्या थोरल्या बहिणीने तेच केले. तिचे लग्न १९७३ साली, पंधराव्या वर्षी झाले. त्या काळात त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. चाळिशी ओलांडल्यावर तिला अंगावरून पांढरे जाऊ लागले, मग अधूनमधून लाल. पाळी जायचे वय आहे, असे होतेच, असे शेजारणींनी सांगितले व तिनेही मानले. भाऊ दवाखान्यात नोकरीला आहे, पण भावाला हे कसे सांगायचे? मला कळले तेव्हा नागपूरला नेण्याची वेळ आलेली होती. किरणोपचार झाले, ज्याला आपल्याकडे ‘शेक देणे’ म्हणतात. २००४ साली, शेहेचाळिसाव्या वर्षी ती गेली. तिच्या उपचारांची बिले मीच फाईलला लावली. त्या कागदांवर ‘गर्भाशयमुखाचा कर्करोग’ असे लिहिलेले होते. पण त्या कर्करोगाचे मूळ एका विषाणूत आहे आणि तो विषाणू बहुधा तिच्या विवाहानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच, म्हणजे किशोरवयात, तिच्या शरीरात आलेला असावा, ही गोष्ट मला त्यानंतर कित्येक वर्षांनी समजली.

त्या विषाणूचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. काहींमुळे हातापायांवर साध्या चामखिळी येतात, काहींमुळे गुप्तांगावर. त्यांतील मोजकेच प्रकार घातक आहेत आणि त्यांतही १६ व १८ या क्रमांकांचे दोन अधिक घातक. गर्भाशयमुखाच्या दर दहा कर्करोगांपैकी सातांहून अधिक या दोघांमुळे होतात. हॅराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८३ व १९८४ साली हे दोन प्रकार कर्करोगाच्या गाठींतून शोधून काढले व त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया दगावल्या. आकडेमोड करणारा माणूस या नात्याने सांगतो, दर सात मिनिटांनी एकीहून अधिक. मी बोलायला उभा राहिल्यापासून एक गेली असेल.

आता हा विषय किशोरवयीन मुलींच्या पालकांपुढे का? लागण आणि रोग यांच्यामध्ये दहा ते वीस वर्षांचे, कधी त्याहूनही अधिक अंतर असते. शरीरसंबंध सुरू झाल्यानंतरच्या थोड्याच वर्षांत हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात एकदा तरी येऊन जातो. ‘येऊन जातो’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत आपोआप निघून जातो. ना ताप, ना वेदना. ज्या थोड्या जणींच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बिघडत जातात. किशोरवयात त्या भागाचे अस्तर अद्याप पक्के झालेले नसते, म्हणून त्या वयातील लागण अधिक जोखमीची. आणि आपल्याकडे ते वय कोणते? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. यापेक्षा अधिक या व्यासपीठावरून बोलत नाही. ज्यांनी समजायचे ते समजले आहेत.

एक अवघड गोष्ट मात्र स्पष्ट बोललीच पाहिजे, कारण तिच्यापायी पालक माघारी फिरतात. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो असे सांगितले की एखाद्या बापाच्या कपाळावर आठी पडते. ‘आमची पोरगी तशी नाही’, असे तो म्हणतो. बंधूंनो, माझी बहीणही ‘तशी’ नव्हती. आयुष्यभर एकाच पुरुषाशी संसार केलेल्या स्त्रीलाही ही लागण होते, कारण पुरुषाच्या शरीरात तो असतो आणि पुरुषाला बहुधा काहीच लक्षण नसते. तो कधी आला व कोणाकडून आला, हे शोधण्याचा उपाय नाही आणि शोधून उपयोगही नाही. हा चारित्र्याचा दाखला नव्हे. पोलिओचे दोन थेंब पाजताना आपण बाळाच्या वागणुकीची चौकशी करीत नाही. पेरणीपूर्वी सोयाबीनच्या बियाण्याला आपण बुरशीनाशक चोळतो, ते बियाणे खराब आहे म्हणून नव्हे, तर रोप मातीत गेल्यावर ते काम करता येत नाही म्हणून. नऊ ते चौदा हे लसीचे वय त्याच कारणाने ठरलेले आहे. विषाणूची गाठ पडण्यापूर्वी लस द्यावी लागते, शिवाय या वयातील शरीर लसीला अधिक जोमाने प्रतिसाद देते.

लोणारचे सरोवर अभ्यासण्यास जगभरातून शास्त्रज्ञ येतात, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मेहकरकडून येणाऱ्यांच्या गाड्या आपल्या सुलतानपुरातूनच वळतात. पण महाराष्ट्रातील खेड्यांनी जगाला याहून मोठे एक ज्ञान दिले आहे व ते आपल्याला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तेथील डॉ. भगवान नेने व त्यांचे सहकारी, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड काम हाती घेतले. ४९७ गावांचे ५२ गट पाडले आणि ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रिया त्यात घेतल्या. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात नेहमीप्रमाणेच, म्हणजे मागेल तिला उपचार. आठ वर्षे पाठपुरावा झाला व २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्या ३४ हजार स्त्रियांच्या भागात या रोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीप्रमाणेच चाललेल्या ३१ हजारांच्या भागात ६४.

या दोन आकड्यांकडे मी पुष्कळदा पाहत बसलो आहे. ताळेबंदात दोन रकान्यांतील फरक हा नफा वा तोटा असतो. येथे तो तीस बायांचा आहे. चौथ्या भागातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे बराच वाद झाला आणि तो वाद अगदीच निराधार होता असे मला वाटत नाही. परंतु जगातील अनेक देश आज एचपीव्ही चाचणीला प्रथम स्थान देतात, त्यामागे आपल्यासारख्याच घरांतील, लुगडे नेसणाऱ्या, निंदण-खुरपण करणाऱ्या त्या बायांचा वाटा आहे, हे विसरता येणार नाही.

आता मला माझ्या स्वतःच्या चुकीकडे यायचे आहे.

लस भारतात २००८ च्या सुमारास बाजारात आली. परदेशी, तीन डोसांची व सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. २०१० च्या आरंभी आपल्याकडे ठरावीक दिवशी येणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी माझ्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. पालकांची सभा घ्यावी, कंपनीकडून सवलत मागावी, निधीतून थोडा भार उचलावा. मी आकडे मांडू लागलो होतो, तोच एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या. तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील बडोदा जिल्ह्यांत ‘पाथ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना ही लस देण्यात आली होती. त्यांपैकी सात मुलींचा मृत्यू झाला होता. केंद्र सरकारने प्रकल्प थांबवला. मीही आमच्या फाईलवर ‘तूर्त स्थगित’ असा शेरा मारला व ती कपाटात ठेवून दिली.

त्या मृत्यूंची पुढे चौकशी झाली. कोणी पाण्यात बुडून, कोणी सर्पदंशाने, कोणी कीटकनाशक पोटात गेल्याने दगावली होती. लसीशी त्यांचा संबंध आढळला नाही. मात्र दुसरी गोष्ट खरी निघाली. खम्ममच्या आदिवासी वसतिगृहांतील अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी अधीक्षकांच्या वा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष होती, सही सदोष होती. एका रकान्यात भलत्याची सही घेतल्याने लोकांचा विश्वास उडाला आणि त्यात देशाची कित्येक वर्षे गेली. ज्याचे आयुष्य सह्या तपासण्यात गेले, त्या माणसाला हे फार लागते.

परंतु चौकशीचा निष्कर्ष कळल्यावरही मी ती फाईल बाहेर काढली नाही. इतर कामे होती, लेखापरीक्षण होते, नव्या इमारतीची परवानगी होती. खरे कारण एवढेच की, स्थगित केलेली गोष्ट पुन्हा सुरू करण्यापेक्षा तशीच राहू देणे सोपे असते. त्या वर्षी माझी स्वतःची मुलगी बारा वर्षांची होती. बहिणीचे मरण पाहिलेला, दवाखान्यात बसणारा बाप मी, पण तिलाही मी लस दिली नाही. २०२१ साली तिचे लग्न झाले. २०२३ मध्ये तिने स्वतःच चौकशी करून पंचविसाव्या वर्षी तीन डोस घेतले. डॉक्टरांनी तिला सांगितले की या वयात काही लाभ होतो, पण बाराव्या वर्षी झाला असता तितका नाही. तिने मला फोनवर एवढेच विचारले, “बाबा, तुम्ही तर दवाखान्यातच असता ना?” मी काही उत्तर देऊ शकलो नाही. त्या वर्षी त्या फाईलवर नावे लिहून ठेवलेल्या शाळांतील मुली आज पंचविशी-तिशीत आहेत. त्यांची नावे माझ्याजवळ नाहीत.

त्या स्थगितीतून एक विलक्षण गोष्ट मात्र निष्पन्न झाली. खम्ममच्या प्रकल्पाशी संबंध नसलेला एक स्वतंत्र अभ्यास त्याच सुमारास देशात नऊ ठिकाणी चालू होता. त्यात आपले बार्शी होते, पुणे होते. दहा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे त्यात पाहायचे होते. सरसकट आदेशाने तोही थांबला. १७,७२९ मुलींना लस मिळालेली होती, पण कोणाला तीन डोस, कोणाला दोन, तर ४,९५० मुलींना एकच. संशोधकांनी हात झटकले नाहीत. या सर्व मुलींचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०२१ साली निष्कर्ष आला की १६ व १८ क्रमांकांची चिवट लागण रोखण्यात एका डोसाचा परिणाम ९५ टक्के, तीन डोसांचा ९३ टक्के, म्हणजे व्यवहारात सारखाच. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने २० वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी एक डोसही चालेल असे मान्य केले, त्यामागे हा पुरावा होता. गरीब देशांच्या तिजोरीवरील भार त्यामुळे किती हलका झाला, हे सांगायला हिशेबनीस नको.

दरम्यान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्वाव्हॅक’ ही देशी लस तयार केली. तिला जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली व जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली. ती मुलग्यांनाही देता येते. घशाचे व गुप्तांगाचे काही कर्करोग पुरुषांनाही याच विषाणूमुळे होतात, म्हणून मुलग्यांच्या पालकांनी केवळ प्रेक्षक म्हणून बसू नये. पण निधी मर्यादित असेल तर आधी मुलगी, असे आमचे डॉक्टर सांगतात व मला ते पटते.

लस टोचल्याने पुढे मूल होत नाही, अशी कुजबूज आपल्या गावांत आहे. त्यास काहीही आधार नाही. या लसीत जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याच्या कवचासारखे प्रथिन असते. दंड दुखतो, कधी थोडा ताप येतो. या वयातील मुलींना सुई पाहूनच कधी कधी घेरी येते, म्हणून लस बसवूनच द्यायची व नंतर पंधरा मिनिटे थांबवून घ्यायचे. इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यात हा कर्करोग ८७ टक्क्यांनी कमी आढळला, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले आहे.

मातांसाठी दोन शब्द. कर्करोगाच्या भीतीचा बाजारही होतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची शासनाने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पांढरे जाते, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका, असे सांगून अनेकींना शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्यात आले होते. आपल्या तालुक्यातूनही कुटुंबे ऊसतोडीला जातात, म्हणून हे सांगतो. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे आणि पिशवी काढणे म्हणजे तपासणी नव्हे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीने तपासणी करून घ्यावी. ती आपली प्रशिक्षित परिचारिका काही मिनिटांत करते, पुरुष डॉक्टर समोर असावा लागत नाही. ज्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा मघाशी उल्लेख केला, त्यात देशातील ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीही केलेल्या स्त्रिया दोन टक्केही नव्हत्या. आणि लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी चुकत नाही, कारण लस सर्वच घातक प्रकारांवर चालत नाही.

शासकीय सत्रात ज्या मुलीला लस मोफत मिळू शकते, तिच्या पालकांनी आमच्याकडे पैसे भरू नयेत. तिचे नाव आशाताईंकडे द्यावे. जी त्या वयोगटात बसत नाही, तिच्याबाबत आमच्या कार्यालयात विचारावे. निर्धन रुग्ण निधीतून साहाय्य देणे शक्य आहे की नाही, हे शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला पाहून त्याच दिवशी सांगण्यात येईल.

बाहेरच्या टेबलावर संमतीपत्रे ठेवलेली आहेत. कृपया आज कोणीही त्यांवर सही करू नये. ती घरी न्यावीत, दोघांनी वाचावीत, वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्यावीत व मुलीलाही विचारावे. शंका असतील त्या कागदाच्या मागे लिहाव्यात. शिक्षकांनी वा आशाताईंनी कोणाच्याही वतीने सही करू नये, तसे पत्र आले तर मी ते परत पाठवीन. येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजल्यापासून आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञ व मी स्वतः कार्यालयात बसलेलो असू.